ग्रामीण वीज सहकारी संस्था सभासदांना नेमकं काय देते? आणि गोव्याच्या गावात त्यातलं काय जमेल?

सत्तरीकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आपल्याकडे दुधाला सहकार आहे, सुपारी-काजूला बागायतदार संस्था आहे, पतसंस्था तर वाड्यावाड्यावर आहेत. वीज मात्र सरकारी वीज खात्याकडे. चोर्ला घाट चढून बेळगाव जिल्ह्यात गेलं की हुक्केरीला ग्राहकांच्याच मालकीची वीज सहकारी संस्था आजही गावांना वीज पुरवते. अमेरिकेत अशा सुमारे ९०० संस्था आहेत आणि त्यांच्या तारा देशाच्या निम्म्याहून जास्त भूभागावर पसरल्या आहेत.
जाणकारांना तीन प्रश्न. नुसतं बिल भरणाऱ्या ग्राहकापेक्षा सभासदाला जास्त काय मिळतं? भारतातल्या काही संस्था टिकल्या आणि काही बुडाल्या, ते कशामुळे? आणि वाळपई, सांगे, काणकोणकडे घरं विखुरलेली, कुळागरं (सुपारी-माडाच्या बागा) ओहोळाच्या कडेला, अशा ठिकाणी यातलं काय लागू पडेल?
माझं मत आधीच सांगतो. खांब-तारा विकत घेणारी संस्था गोव्यात नको. पण एका ट्रान्सफॉर्मरवरच्या घरांची संघटना प्रत्येक वाड्यावर हवी.

हिशेबनीस
पहिल्या प्रश्नाचं उत्तर हिशेबात आहे. अमेरिकी पद्धतीत वर्षअखेरीस खर्च वजा जाता जे उरतं त्याला नफा म्हणत नाहीत. ती रक्कम सभासदांनी वर्षभरात जितक्या रुपयांची वीज घेतली त्या प्रमाणात प्रत्येकाच्या नावावर भांडवल म्हणून जमा होते.
समजा संस्थेने वर्षात २ कोटींची वीज विकली आणि १० लाख शिल्लक राहिले. तुमचं वर्षाचं बिल १२,००० असेल तर तुमच्या खात्यावर ६०० रुपये जमा. ते लगेच हातात येत नाहीत. संस्था ते खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर यांवर वापरते आणि पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त वर्षांनी जुन्यात जुनं वर्ष आधी धरून परत करते. सभासद वारला तर वारसांना मिळतं. गाव सोडून गेला तरी पैसे त्याचेच, फक्त नवा पत्ता कळवावा लागतो. पत्ता न कळवल्यामुळे पडून राहिलेल्या रकमा हा तिथला नेहमीचा घोळ आहे.
दुसरी गोष्ट मताची. एक सभासद, एक मत. राइस मिलवाल्यालाही एकच आणि दोन दिवे जाळणाऱ्या म्हातारीलाही एकच.

खाजनबांध
हे तर आपल्या गावकारीतल्या, म्हणजे कोमुनिदाद या गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेतल्या, जोणासारखंच (गावकाराच्या वाट्यासारखंच) झालं. शेतं सामायिक, बांध आणि मानशी (खारं पाणी अडवणारी दारं) सामायिक, त्यांची डागडुजी आधी, आणि खर्च भागून जे उरेल ते गावकारांत वाटायचं. कोमुनिदादीचा हा व्यवहार गोव्याला शतकानुशतकं माहीत आहे. मग विजेचं असं करायला नवीन काही शिकावं लागणार नाही.

हिशेबनीस
खाजनबांध, साम्य आहे, पण मुळात एक मोठा फरक आहे. जोणाचा हक्क गावकाराच्या कुळात जन्मल्याने येतो. वीज संस्थेचा हक्क मीटर जोडल्याने येतो. काल गावात भाड्याने आलेला माणूसही सभासद आणि बारा पिढ्यांचा गावकार शहरात राहत असेल तर तो सभासद नाही. जन्माने मिळणारा हक्क इथे आणला तर संस्था पहिल्याच सभेत फुटेल.

खाजनबांध
मान्य. पण 'आधी बांध, मग वाटणी' हा क्रम मात्र तिथूनच घ्यायला हवा. मानशीचं दार कुजलेलं असताना जोण वाटला तर पुढच्या भरतीला खारं पाणी शेतात शिरतं. वीज संस्थांनी झाडछाटणी आणि अर्थिंगचे पैसे वाचवून शिल्लक दाखवली तर तसंच होईल.

तारमार्ग
हाच मुद्दा तांत्रिक बाजूने मांडतो. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या मध्याला शेतकऱ्यांपैकी जेमतेम दहा टक्क्यांकडे वीज होती. खाजगी कंपन्यांचं म्हणणं एकच: मैलभर तार ओढून तीन घरं मिळणार असतील तर परवडत नाही. १९३५ साली सरकारने ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन काढलं, १९३६ला कायदा आला, स्वस्त दीर्घ मुदतीचं कर्ज मिळालं आणि शेतकऱ्यांनी पाच-पाच डॉलर भरून संस्था उभ्या केल्या. आजही त्यांच्या लाईनवर मैलाला सरासरी आठच ग्राहक असतात, खाजगी कंपन्यांच्या लाईनवर तीसच्या वर.
इतक्या विरळ वस्तीत परवडलं ते बांधणीमुळे. मुख्य रस्त्यापासून आत जाताना तीन फेज न नेता एकच उच्चदाब फेज आणि न्यूट्रल न्यायची. प्रत्येक शेतघराजवळ खांबावर १० किंवा १५ केव्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर. लघुदाबाची तार अगदी थोडी. आपल्याकडे पद्धत उलटी: वाड्यात १०० केव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर आणि तिथून लघुदाबाच्या तारा किलोमीटरभर. शेवटच्या घरातला दिवा मिणमिणतो तो यामुळे.
आकडा बघा. वीझल नावाच्या बारीक तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम. ट्रान्सफॉर्मरपासून ५०० मीटरवर एका फेजवर २० अँपिअर ओढले तर जाऊन-येऊन ०.९ ओहम, म्हणजे १८ व्होल्ट तिथेच गेले. २३०चे २१२ झाले. त्याच फेजवर आणखी एक पंप सुरू होताना तर २००च्याही खाली.

कुळागरवाला
यात पंपांचं गणित मिळवा. ५ अश्वशक्तीची मोटर चालू असताना फेजला साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, पण थेट स्टार्टरने सुरू होताना पाच-सहापट. मार्च ते मे सगळी कुळागरं सकाळी एकाच वेळी शिंपतात. दाब कमी मिळाला की मोटर जास्त प्रवाह ओढते, गुंडाळी तापते आणि जळते. लोक मोटरवाल्याला दोष देतात.
दोन स्वस्त उपाय आहेत. ५ अश्वशक्तीच्या मोटरला स्टार्टरनंतर तारेवरचा प्रवाह कमी करणारा २ केव्हीएआरचा कपॅसिटर. आणि वाड्यातल्या बागायतदारांनी पाळ्या ठरवायच्या: ओहोळाच्या वरच्या अंगाची कुळागरं सहा ते आठ, खालची आठ ते दहा. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आपण पाळतोच, तशाच विजेच्या.

वायंगण
पाळ्या कोण ठरवणार? वीज खात्याचा कनिष्ठ अभियंता तुमच्या कुळागरात येऊन सांगणार नाही.

कुळागरवाला
म्हणूनच तर सत्तरीकर म्हणतात ती संघटना हवी. मालकी कोणाचीही असो, पाळ्या आपल्याच हातात आहेत.

घाटमाथा
आता भारताकडे. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झालं आणि त्याच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे पाच प्रायोगिक वीज सहकारी संस्था: तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडीनार, महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळची एक. सल्ला अमेरिकी सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघाचा होता.
सिरसिल्ला आणि हुक्केरी आजही चालू आहेत. सिरसिल्ल्यात यंत्रमाग आहेत, म्हणजे वर्षभर चालणारा भार. मुळा-प्रवरेचा परवाना २०११ला संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. तिथे शेतीपंपांचा भार मोठा. घाऊक वीज मंडळाकडून घ्यायची, पंपांना सवलतीच्या दराने द्यायची आणि वसुली कमी. खरेदीची थकबाकी वर्षागणिक वाढतच जाणार.
या संस्थांची स्वतःची वीजनिर्मिती नव्हती, हेही लक्षात घ्या. अमेरिकेत वितरण संस्था एकत्र येऊन निर्मिती-पारेषणाची वेगळी सहकारी संस्था काढतात. त्यामुळे घाऊक दर ठरतो तिथेही त्यांचेच प्रतिनिधी बसलेले असतात. आपल्याकडे संस्था विकणाऱ्या मंडळापुढे हात पसरून उभी.

हिशेबनीस
घाटमाथा, उत्तम. वसुलीचं गणित लोकांना कळत नाही म्हणून लिहितो. १,००० युनिट विकत घेतले, ८५० युनिटांची बिलं निघाली, त्यातली ९५ टक्के वसूल झाली. हातात पैसे आले ८०७.५ युनिटांचे. एकूण तूट १९.२५ टक्के. गोड बोलून, पुढच्या महिन्यावर ढकलून वसुली ८० टक्क्यांवर आली तर हातात ६८० युनिटांचे पैसे आणि तूट ३२ टक्के. सहकारी संस्थेत शेजाऱ्याची वीज कापायला शेजाऱ्याचंच मन होत नाही. हा तिचा सगळ्यात कच्चा दुवा. ज्या संस्था टिकतात त्यांचा नियम लेखी असतो: इतके दिवस थकलं की जोडणी तुटणार, मग अध्यक्षाचा भाऊ का असेना.

शिगमो
मग गरिबाने काय करायचं? अंधारात बसायचं?

हिशेबनीस
त्यासाठीच वेगळी तरतूद असते. दक्षिण कॅरोलिनातल्या पाल्मेटो नावाच्या वीज सहकारी संस्थेने १९८९ला एक युक्ती काढली. सभासदाने संमती दिली की बिल पुढच्या पूर्ण डॉलरला नेतात आणि वरचे सेंट वेगळ्या निधीत जातात. सभासदाला ते जाणवतही नाही, पण हजारो बिलांचे मिळून गावातल्या अडलेल्या घराचं छप्पर, औषधपाणी, शाळेची पुस्तकं भागतात. ही पद्धत मग इतर शेकडो संस्थांनी उचलली. मुद्दा असा की मदत वेगळ्या खात्यातून, उघडपणे आणि समितीच्या हातून. बिल बुडवू देणं ही मदत नाही, तो बोजा उरलेल्या सभासदांवर पडतो.

शिगमो
हे पटलं. देव बरें करूं.

चिऱ्याची_भिंत
सगळे मालकीवर बोलताहेत. सभासदाला सेवा कळते ती जून महिन्यात. त्याविषयी थोडं तपशिलाने.
पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते त्यातले बरेचसे दोष क्षणिक असतात. माडाचं चुडत (झावळी) दोन तारांवर आडवं पडतं, वेळू वाऱ्याने तारेला टेकतो, ओली फांदी घासते. अशा लाईनवर ऑटो-रिक्लोजर असेल तर तो तार स्वतः बंद करतो, काही सेकंदांनी पुन्हा चालू करून बघतो, असं तीन-चार वेळा, आणि दोष टिकला तरच कायमचा उघडतो. तो नसेल तर त्याच चुडतापायी लायनमनला रात्री भर पावसात गस्त घालावी लागते.
डीओचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावरच्या ड्रॉप-आउट फ्यूजचं बघा. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला ११ केव्हीच्या बाजूने पूर्ण भारावर फक्त सव्वापाच अँपिअर लागतात. त्या मापाची फ्यूज-लिंक वारंवार उडते म्हणून जाड तार घातली की फ्यूज टिकतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. वारंवार उडते याचा अर्थ लघुदाबाच्या बाजूला काहीतरी बिघडलंय.
अर्थिंग. जांभ्या दगडात आपल्याकडे मे महिन्यात जमीन हाडासारखी कोरडी पडते आणि अर्थचा रोध चढतो. ट्रान्सफॉर्मरला न्यूट्रलची अर्थ वेगळी, बॉडीची वेगळी, लाइटनिंग अरेस्टरची (आकाशातली वीज जमिनीत वळवणाऱ्या साधनाची) वेगळी हवी. नळीभोवती बेंटोनाइटसारखं ओल धरणारं भरण घालावं. रोध मोजायचा तो मे अखेरीला, पावसात नाही. पावसात कुठलीही अर्थ चांगलीच दिसते.
आणि ट्रान्सफॉर्मरवरचा न्यूट्रल तुटला तर सगळ्यात धोका. एका फेजवरच्या घरात दाब ३५०-४००पर्यंत चढू शकतो, दुसऱ्यात दिवे मंद. एका घरात दिवे भगभगीत आणि शेजारी मिणमिणते दिसले की लगेच मेन स्विच बंद करा आणि कळवा. टीव्ही वाचवायला नव्हे, आग लागते म्हणून.

सत्तरीकर
चिऱ्याची भिंत बाब, हे प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागायला हवं. झाडछाटणीचं काय? ती गावाने केली तर चालेल?

चिऱ्याची_भिंत
तारेच्या जवळची फांदी गावाने हात लावायची नाही. लाईन क्लियर घेऊन, म्हणजे पुरवठा लेखी परवान्याने बंद करून, दोन्ही बाजूंनी तारा अर्थ करून, मगच खात्याच्या माणसांनी कापायची. ओला वेळू ११ केव्हीला टेकला की तो धरलेला माणूस वाचत नाही. झाड मुळापासून तोडायचं असेल तर १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगीही लागते.
गावाचं काम आधीचं. एप्रिलमध्ये खांब क्रमांकासह यादी करायची: कोणत्या दोन खांबांमध्ये, कोणाच्या भाटातलं (बागेतलं), कोणतं झाड, तारेपासून किती अंतर. मालकाची लेखी संमती त्याच कागदावर. पथक येतं तेव्हा अर्धा दिवस मालक शोधण्यात जातो, तो वाचतो. आणि नवीन माड लावताना लाईनखाली लावू नका, इतकं केलं तरी वीस वर्षांनी पुढची पिढी दुवा देईल.
अमेरिकी संस्था हेच काम चक्राने करतात: सगळी लाईन विभागून ठेवलेली, प्रत्येक विभागाची पाळी चार-सहा वर्षांनी येते. झाड वाढून टेकल्यावर धावत नाहीत.

किनारपट्टी
पेडणे-बार्देशच्या किनाऱ्याकडे वेगळा त्रास आहे, खारा वारा. इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, पहिल्या धुक्याला किंवा रिमझिम पावसाला तो ओला होतो आणि पृष्ठभागावरून प्रवाह गळतो. जोराचा पाऊस उलट बरा, तो धुऊन काढतो. लोखंडी क्लॅम्प आणि जोड गंजतात. तिथे एबी केबल (आच्छादित तारांची पिळलेली जुडी) घातली तरी टोचून जोडणारे कनेक्टर नीट आवळले नाहीत तर त्यातून पाणी शिरतं आणि जोड आतून काळा पडतो.

वायंगण
मग सगळं जमिनीखालून का नाही?

किनारपट्टी
दाट वस्तीत आणि बाजारात जरूर. पण सांग्याच्या आतल्या वाड्यात तीन घरांसाठी चिरा फोडून चर खणायचा खर्च बघा. शिवाय दोष आला तर तो दिसत नाही. यंत्राने जागा शोधायची, खणायचं, जोड करायचा, भर पावसात चर पाण्याने भरलेला. उघडी तार तासाभरात जोडता येते, केबलला दिवस जातो. दाट झाडीत एबी केबल किंवा आच्छादित तार, हा मधला मार्ग चांगला.

म्हादईकाठ
कायद्याकडे येऊ. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ५मध्ये ग्रामीण भागात घाऊक वीज घेऊन स्थानिक वितरणाचं व्यवस्थापन पंचायत, ग्राहक संघटना, सहकारी संस्था यांच्यामार्फत करण्याचं धोरण सांगितलंय. कलम १३ने अशा संस्थांना परवान्यातून सूट देता येते. कलम १४मध्ये तर राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात स्वतः वीज निर्माण करून वाटणाऱ्याला परवानाच लागत नाही, सुरक्षेचे नियम मात्र पाळावे लागतात. म्हणजे दार उघडं आहे.
तरीही मी सत्तरीकरांशी सहमत. गोव्यात वीज पोचलेली आहे. पुन्हा नव्याने खांब उभारून संस्थेने करायचं काय?

तारमार्ग
मी पूर्ण सहमत नाही. सौर ऊर्जेने चित्र बदललंय. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ला सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली. पंपाला लागेल तेवढी वीज शेतात, उरलेली सगळ्यांची मिळून एकाच मीटरमधून वीज कंपनीला विकायची. सहा जणांचा एकच करार, म्हणून कंपनीलाही हिशेब सोपा. उरलेल्या विजेचे पैसे मिळत असल्याने विनाकारण पाणी उपसायचा मोह कमी होतो. ही कल्पना कुळागराला चपखल बसते: पाणी लागतं मार्च-मेमध्ये आणि सूर्यही तेव्हाच तळपतो. जून-जुलैत ढग, पण तेव्हा शिंपण नसतंच.

कुळागरवाला
एक अडचण. कुळागरात सावली असते. सुपारी, माड, खाली मिरी-केळी. पॅनल लावायला उघडी जागा लागते, १ किलोवॅटला छपरावर साधारण १० चौरस मीटर. ५ अश्वशक्तीच्या पंपासाठी ५ किलोवॅटच्या आसपास पॅनल धरले तर ५० चौरस मीटर झाले. ते घराच्या छपरावर किंवा माळावर लावून केबल ओढावी लागेल. पॅनलच्या एका कोपऱ्यावर चुडताची सावली पडली तरी सगळ्या ओळीचं उत्पादन घसरतं.

तारमार्ग
म्हणूनच एकेकट्याने न करता वाड्याने मिळून. सामायिक माळावर एकच संच, वाटा किलोवॅटप्रमाणे. गोव्यात १ किलोवॅट दिवसाला वर्षभराच्या सरासरीने ४ युनिटांच्या आसपास देतो. २० घरांनी २-२ किलोवॅट घेतले तर ४० किलोवॅट, दिवसाला १६०च्या आसपास युनिट. छपरावर एकट्याने लावणार असाल तर २०२४पासूनच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, तेही हिशेबात धरा. सामायिक संचाचे पैसे बिलात कसे वळते होतील हे संयुक्त वीज नियामक आयोगाच्या नेट मीटरिंगच्या (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या) नियमांवर ठरतं. त्यांची ताजी प्रत वाचूनच करार करावा.

खाजनबांध
आणि जागा कोमुनिदादीची असेल तर भाडेपट्ट्याचा प्रश्न आधी सोडवा. पॅनल २५ वर्षं चालतात, कागदही तितकाच टिकाऊ हवा.

चवथ
मूळ प्रश्न राहिला की. उद्यापासून वाड्यात काय करायचं ते कोणी सांगेल का?

सत्तरीकर
वरच्या सगळ्यांचं घेऊन सांगतो.
ट्रान्सफॉर्मरवरची पाटी वाचा: किती केव्हीए, कोणता फीडर (उपकेंद्रातून येणारी लाईन). त्यावरची घरं आणि पंप मोजा, कोण कोणत्या फेजवर हे खात्याच्या माणसाकडून लिहून घ्या. एका फेजवर २५ घरं आणि दुसऱ्यावर ८ असं निघालं तर भार सारखा वाटून देण्याचा लेखी अर्ज, यादी जोडून. खर्चाविना सुटणारा हा सगळ्यात मोठा दोष.
एक वही ठेवा. वीज गेली त्याची तारीख, वेळ, परत आल्याची वेळ, सगळी वाडी की एकच फेज, पाऊस-वारा होता का. तीन महिन्यांची वही घेऊन गेलात तर अभियंत्याला दोष कुठे ते दिसतं. आणि तक्रार निवारण मंचाकडे जायची वेळ आली तर हाच पुरावा.
प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवा. संघटनेने एकत्र घेतल्या तर स्वस्त पडतात.

चिऱ्याची_भिंत
आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगा. दाबल्यावर ती उडाली नाही तर बदला. आणि जुन्या घरात ती वारंवार उडत असेल तर काढून टाकू नका, विहिरीवरच्या पंपाची केबल आणि न्हाणीघरातला गिझर आधी तपासा, गळती बहुतेक तिथेच सापडते.

चवथ
वही कोणाकडे ठेवायची?

खाजनबांध
ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्यात जवळ ज्यांचं दुकान असेल त्यांच्याकडे. वीज गेली की सगळे विचारायला तिथेच जातात.